भूक लागणे आणि अंगी लागणे

आमच्या घरात माणसाचे वजन करायचा काटा कधीच नव्हता. गेल्या फाल्गुनात थोरल्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी वजन लिहून ठेवायला सांगितले. तेव्हा चुलतभावाने आल्याची पोती तोलायचा काटा ओसरीवर आणून ठेवला. कोरेगावच्या आसपास ज्यांची शेती आहे त्यांना तो काटा सांगायला नको. ६८ किलोचा माणूस त्या काट्यावर उभा राहिला तेव्हा ५७ भरला. चार महिन्यांत ११ किलो. आबा स्वतःच आकडा बघून म्हणाले, "आल्यापरीस माझीच घट जास्त हाय की!"

काकूंनी मनावर घेतले. आमच्या तालुक्याचा वाघ्या घेवडा आता भौगोलिक मानांकन मिळून नावारूपाला आला आहे, पण आबांना त्याची आमटी आणि भाकरी लहानपणापासून जीव की प्राण. तीच आमटी समोर आली की ते ताट सरकवू लागले. फोडणीचा वास आला तरी उठून अंगणात जात. आणि मग एका संध्याकाळी चुलतभावाने मला बाजूला घेऊन विचारले, "दादा, गांज्यानं भूक लागती म्हणत्यात. मोबाईलवर बघितलं. आबांस्नी थोडा दिला तर?"

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. 'छे, भलते काही करू नकोस' असे म्हणून विषय मिटवता आला असता, पण त्याचा प्रश्न वेडगळ नव्हता. गांज्याने भूक लागते ही गोष्ट खरी आहे, जुनी आहे आणि तिला प्रयोगशाळेतला आधारही आहे. मग आबांना द्यायला काय हरकत? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझा अख्खा पावसाळा गेला.

आधी नावांचा गुंता सोडवू. भांग, गांजा आणि चरस ही तीन झाडे नव्हेत. झाड एकच. त्याची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि त्यांवरचा चिकट राळेसारखा स्राव म्हणजे चरस. नशा आणणारे द्रव्य त्या स्रावात सर्वांत जास्त, फुलोऱ्यात त्याहून कमी, पानांत आणखी कमी आणि बियांत जवळजवळ नाहीच. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदाही याच वाटणीवर उभा आहे. फुलोरे आणि राळ त्याच्या कचाट्यात येतात. फुलोऱ्यांशिवाय नुसती पाने वा बिया असतील तर गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे भांग मोकळी, असे मात्र आपल्याकडे कुणी समजू नये. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९चा कायदा तिलाही लागू आहे आणि परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत उसाच्या फडात नाहीतर हळदीच्या वाफ्यात लपवलेली गांजाची झाडे सापडल्याची बातमी अधूनमधून येते, ती या मोठ्या कायद्याखालची.

आयुर्वेदाला हे झाड विजया नावाने ठाऊक आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिचे गुण सांगताना ती पाचक आहे, ग्राही आहे, मोह आणि मद आणणारी आहे असे म्हटले आहे, आणि त्याच यादीत वाणी आणि अग्नी वाढवणारी असेही म्हटले आहे. होळीला भांग प्यायलेला माणूस पाहिलेल्या कुणालाही हे वर्णन पटेल. तो बोलत सुटतो आणि खात सुटतो. शार्ङ्गधरसंहितेतले जातीफलादि चूर्ण हे ग्रहणीवरचे, म्हणजे अन्न पोटात न टिकण्यावरचे प्रसिद्ध औषध. जायफळ, लवंग, वेलदोडा, सुंठ, मिरी अशी वीस द्रव्ये एकेक भाग, त्या सगळ्यांइतकी भांग आणि मग या साऱ्याइतकी साखर, असे त्याचे प्रमाण आहे. भांग मात्र आधी शुद्ध करून घ्यायची. पाण्याने धुवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, वाळवायची आणि गाईच्या तुपात परतायची. रसायनशास्त्राच्या मास्तराला ही कृती वाचून गंमत वाटते. भांगेतले मुख्य द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळते. आणि हिरव्या पानात ते निष्क्रिय रूपात असते, उष्णतेने जागे होते. म्हणजे धुण्याने नको ते गेले आणि परतण्याने हवे ते जागे झाले. हे 'का' होते ते त्या वैद्यांना ठाऊक नसेल, पण 'कसे' करायचे ते पक्के ठाऊक होते.

इंग्रजी वैद्यकाने हे झाड हिंदुस्थानातूनच उचलले. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टराने १८३९मध्ये गांजावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आधी जनावरांवर, मग संधिवात, धनुर्वात, पटकी यांच्या रुग्णांवर. संधिवाताच्या रुग्णांबद्दल त्याने जी निरीक्षणे नोंदवली त्यांत वेदना बहुतेकांच्या कमी झाल्या असे आहे. भूक मात्र सगळ्यांचीच लक्षणीय वाढली, असे आहे. बहुतेक आणि सगळे यांतला फरक त्याने जपून लिहिला, हे मला फार आवडले. पुढे १८९३मध्ये सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सभासदांत तिघे हिंदी होते. हजाराहून अधिक साक्षी झाल्या आणि अहवालाचे सात खंड निघाले. आपल्या मुंबई इलाख्यात तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात गांजाचे पीक घेतले जाई. वैद्य-हकीम भूक आणि पचनासाठी हे झाड वापरतात, हे आयोगाने नोंदवले. बेताने सेवन करणाऱ्यांचे त्यामुळे सहसा नुकसान होत नाही असा निष्कर्ष काढला आणि बंदीऐवजी कर व परवान्याची शिफारस केली. हा अहवाल आजही दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात.

पण भूक का वाढते? याचे उत्तर मिळायला आणखी शंभर वर्षे लागली. १९६४मध्ये इस्रायलमध्ये रफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातले मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे लांबलचक नाव आखडून टीएचसी असे झाले. १९८८मध्ये अमेरिकेत उंदरांच्या मेंदूत या द्रव्याला धरणारी जागा सापडली. कुलूप सापडले तेव्हा प्रश्न आला की निसर्गाने हे कुलूप एका झाडासाठी का बरे बसवले असेल? शरीराची स्वतःची किल्ली असणारच. ती १९९२मध्ये मेशूलमच्याच प्रयोगशाळेत सापडली आणि तिचे नाव ठेवताना शोधकांनी संस्कृत शब्द घेतला: आनंदामाइड. आपल्या मेंदूत तयार होणाऱ्या एका रेणूच्या नावात 'आनंद' आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

ही कुलपे मेंदूच्या भूक सांभाळणाऱ्या भागात आहेत, वासाच्या केंद्रात आहेत आणि एखादी गोष्ट करून बरे वाटते तेव्हा जागा होणारा जो भाग, तिथेही आहेत. त्यामुळे टीएचसी पोटाला 'रिकामा हो' म्हणत नाही. ते वास तीव्र करते, चव गोड करते आणि खाण्यातले सुख वाढवते. आईचे दूध ओढण्यासाठीही ही यंत्रणा लागते. नवजात उंदरांत ती औषधाने बंद केली तर ती पिल्ले दूध ओढत नाहीत. उलटा पुरावाही आहे. हीच कुलपे बंद करणारे रिमोनाबँट हे औषध २००६मध्ये युरोपात लठ्ठपणावर विकायला आले. लोकांची भूक कमी झाली, वजन उतरले, पण अनेकांना नैराश्याने घेरले, आत्महत्येचे विचार येऊ लागले, आणि २००८मध्ये ते मागे घ्यावे लागले. भुकेचे आणि जगण्यात रस असण्याचे दार शरीराने इतके शेजारी शेजारी ठेवले आहे.

आता आजारातल्या वापराकडे येतो. इथे गोष्ट आपल्या भागाजवळून जाते.

१९८०च्या दशकात अमेरिकेत एड्सचे रुग्ण अक्षरशः विरघळत होते. कृत्रिम रीतीने बनवलेल्या टीएचसीच्या गोळीला, ड्रोनाबिनॉलला, १९८५मध्ये केमोमुळे होणाऱ्या उलट्यांसाठी मान्यता मिळाली होती. १९९२मध्ये एड्समधल्या भूकनाशासाठी आणि वजनघटीसाठीही मिळाली. तिच्यावरचा जो प्रमुख प्रयोग १९९५मध्ये छापून आला त्यात १३९ रुग्ण होते. सहा आठवड्यांत गोळी घेणाऱ्यांची भूक ३८ टक्क्यांनी वाढली, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांची ८ टक्क्यांनी. वजनाचे काय? नुसती गोळी घेणाऱ्यांचे सरासरी ०.४ किलो घटले आणि औषध घेणाऱ्यांचे होते तिथेच राहिले. भूक इतकी वाढली आणि काटा हलला नाही. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ ओसरीवरच्या त्या काट्याकडे बघत बसलो.

ज्या वर्षी ती मान्यता मिळाली त्याच १९९२मध्ये सांगलीत मीना सेषू यांच्या पुढाकाराने संग्राम संस्थेचे काम सुरू झाले. पुढच्या दहा-बारा वर्षांत पुणे-बंगळूर रस्त्याकाठच्या गावांत आणि मुंबईहून परतलेल्या घरांत काय झाले ते पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. तरणेताठे गडी सुकून जात. घरचे 'क्षय आहे' म्हणत, आणि ते अनेकदा खोटेही नसे, कारण दुबळ्या शरीरात क्षय शिरलेलाच असे. त्यांच्यासाठी ड्रोनाबिनॉल नव्हते. पण त्यांचे मांस परत आले ते भुकेच्या गोळीने नव्हे. सिप्लाने २००१मध्ये तीन औषधांचा मेळ दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देऊ केला, १ एप्रिल २००४पासून सरकारने ही औषधे फुकट द्यायला सुरुवात केली, आणि विषाणू दबल्यावर माणसे आपोआप जेवू लागली. जेवलेले अंगी लागू लागले.

'अंगी लागणे' हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग मला या सगळ्या वाचनात सर्वांत उपयोगी पडला. 'पोरगं खातं खूप पण अंगी लागत नाही' असे आजी म्हणायची, तेव्हा ती दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती: अन्न पोटात जाणे आणि अन्नाचे अंग होणे. कर्करोगातली झीज ही दुसऱ्या गोष्टीतली बिघाडी आहे. नुसत्या उपाशी माणसाचे शरीर आधी चरबी जाळते आणि स्नायू होता होईल तो राखते. कर्करोगात, मूत्रपिंड वा हृदय निकामी होण्याच्या शेवटच्या टप्प्यांत, शरीरातली दाहकारक रसायने स्नायूही मोडायला लावतात. अशा एका रसायनाला तर आधी 'कॅकेक्टिन', म्हणजे झिजवणारे, असेच नाव पडले होते. या अवस्थेची जी व्याख्या २०११मध्ये तज्ज्ञांनी ठरवली, तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की नुसत्या आहाराने ही झीज पुरती भरून येत नाही. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेले की तिचा संशय घ्यायचा. आबांचे सोळा टक्के गेले होते.

म्हणून कर्करोगातले प्रयोग निराश करतात. अमेरिकेत २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४६९ रुग्णांपैकी काहींना ड्रोनाबिनॉल दिले, काहींना मेजेस्ट्रॉल हे संप्रेरकासारखे औषध, काहींना दोन्ही. भूक सुधारली असे मेजेस्ट्रॉलवाल्यांतले ७५ टक्के म्हणाले, ड्रोनाबिनॉलवाल्यांतले ४९ टक्के. वजन दहा टक्के वा अधिक वाढले असे अनुक्रमे ११ आणि ३ टक्के. दोन्ही एकत्र देऊन जास्त काही हाती लागले नाही. युरोपातला २००६चा प्रयोग आणखी बोलका आहे. २४३ रुग्णांना गांजाचा अर्क, शुद्ध टीएचसी किंवा औषध नसलेली गोळी अशा तीन वाटा होत्या. तिन्हींत काही फरक पडेना म्हणून प्रयोग मध्येच थांबवला. दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. कॅनडातल्या २०११च्या एका लहान प्रयोगात, जो जेमतेम २१ रुग्णांनी पुरा केला, टीएचसी घेणाऱ्यांना अन्नाची चव बरी लागली, झोप बरी लागली. वजनाचा चमत्कार नाही, पण ज्याला फोडणीचा वास सोसवत नाही त्याच्यासाठी चव परत येणे ही क्षुल्लक गोष्ट नाही.

चुलतभावाला मी हे सांगितले तेव्हा त्याने रास्त प्रश्न केला. वजन नाही तर नाही, चार घास गोड लागले तर काय वाईट? वाईट असे की गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते माहीत असते, पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. ओढला तर धुरातून परिणाम मिनिटांत होतो. खाल्ला तर तास-दोन तास काही होत नाही, म्हणून माणूस आणखी घेतो, आणि यकृतात टीएचसीचे आणखी जोरकस रूप तयार होऊन दोन्ही मात्रा एकदम चढतात. सत्तरीच्या माणसाला चक्कर, छातीत धडधड, भ्रम, रात्री उठताना पडणे. केमोने प्रतिकारशक्ती खचलेल्याच्या फुप्फुसात गांजावरची बुरशी गेली तर वेगळेच संकट. आणि गंमत म्हणजे वर्षानुवर्षे भरपूर गांजा ओढणाऱ्या काहींना थांबता न थांबणाऱ्या उलट्या होतात. २००४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी त्याचे पहिले वर्णन केले. पोलिसांचे तर बोलायलाच नको. आजाऱ्यासाठी आणला, ही सबब कायद्यात नाही. किलोभर गांजा बाळगल्यालाही वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

हा कायदा सगळ्याच बाबतीत शहाणा आहे असे मी म्हणणार नाही. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला अतिधोकादायक यादीतून काढले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत या झाडावर संशोधन चालू आहे आणि आयुर्वेदाच्या परवान्याने विजयायुक्त औषधे उघड विकली जातात. पण या दोहोंच्या मध्ये, म्हणजे मात्रा ठरलेले, तपासलेले औषध कर्करोगाच्या डॉक्टराने लिहून द्यावे आणि ते चौकातल्या दुकानात मिळावे, ही जागा आपल्याकडे रिकामी आहे. त्या रिकाम्या जागेत पुडीवाला आणि मोबाईलवरचा वैदू उभे असतात.

आमच्या घरची सुटका झाली ती भलत्याच वाटेने. पुदुच्चेरीच्या जिपमर या संस्थेतल्या डॉक्टरांनी २०२३मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओलान्झापिन हे मनोविकारांवरचे जुने, स्वस्त औषध. त्याने रुग्णांचे वजन वाढते ही तक्रार मानसोपचारात नेहमीची. तो दोषच त्यांनी कामाला लावला. जठर, फुप्फुस, यकृत-स्वादुपिंड यांच्या कर्करोगावर केमो सुरू असलेल्या १२४ रुग्णांत अर्ध्यांना रोज २.५ मिलिग्रॅम, म्हणजे अगदी कमी मात्रा, बारा आठवडे दिली. वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढले असे औषधाच्या गटात ६० टक्के निघाले, दुसऱ्या गटात ९ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या सूचनांत हे औषध घातले. गांजाला मात्र तिथे अजून पुराव्याअभावी जागा नाही. मी हा शोधनिबंध छापून आबांच्या डॉक्टरांकडे नेला, तर त्यांनी हसून आपल्या टेबलावरची प्रत दाखवली. ज्येष्ठात गोळी सुरू झाली.

झारखंडातल्या क्षयरुग्णांवरच्या प्रयोगाचे निष्कर्षही त्याच वर्षी आले. तिथे औषध नव्हते, शिधा होता: तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. त्यांना भूक होती, ताट नव्हते. आबांपुढे ताट होते, भूक नव्हती. आणि दोन्ही असून अंगी न लागणारे तिसरेच. रोग्याच्या वजनाचा एकच आकडा काटा दाखवतो, त्यामागची गोष्ट या तिघांची वेगळी.

काकूंना पुण्याच्या एका परिचारिकेने दोन गोष्टी शिकवल्या. फोडणी परसातल्या चुलीवर द्यायची आणि जेवण गार करून वाढायचे, म्हणजे वास उठत नाही. आणि 'खा, खा' म्हणायचे नाही. दुसरी गोष्ट काकूंना फार जड गेली. आयुष्यभर त्यांनी प्रेम त्या एकाच शब्दात सांगितले होते.

आबांचे शेवटचे वजन श्रावणात केले, ५९ भरले. ते आता सकाळी गार दूधभाकरी खातात, दुपारी वाटीभर घेवड्याचे पाणी पितात, मनात आले तर चहात बुडवून खारी. नवे आले निघायच्या आधी चुलतभाऊ काटा परत शेतावर घेऊन गेला. कुणी अडवले नाही.